माझ्यावरचे पंधरा कागद

माझ्या टेबलापाशी येणाऱ्या दहा माणसांपैकी सात जण एकच प्रश्न विचारतात, "स्वच्छतागृह कुठे आहे?" उरलेल्या तिघांपैकी दोघांना जिना हवा असतो आणि एक जण चुकून आमच्या कचेरीत शिरलेला असतो. पाणीपुरवठा मंडळाच्या आवक-जावक विभागात मी सत्तावीस वर्षं आहे. दारातून आत आलं की पहिलं टेबल माझं. मंडळात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात पडतो. मी त्यावर शिक्का मारतो, क्रमांक घालतो, नोंदवहीत चढवतो, आणि कागद पुढे जातो. सत्तावीस वर्षांत लाखभर कागद तरी पुढे गेले असतील. मी अजून दारातच आहे.

माझ्या पाठीमागे बारा पावलांवर विभागप्रमुखांची काचेची खोली आहे. त्या खोलीला दार आहे, दाराला आतून कडी आहे, आणि तिथे बसलेल्या माणसाला आजवर कुणीही स्वच्छतागृहाचा पत्ता विचारलेला नाही. माझी महत्त्वाकांक्षा म्हणाल तर एवढीच. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती काचेच्या आत काढायची. जुने विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हा ज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. माझी बायको घरी कपडे शिवते. तिने मला दोन नवे शर्ट शिवले, कारण काचेच्या खोलीत माणूस चारही बाजूंनी दिसतो आणि माझ्या जुन्या शर्टांची फक्त पुढची बाजू बरी होती.

शर्ट शिवून झाले आणि परिपत्रक आलं. विभागप्रमुखपदासाठी यापुढे लेखी परीक्षा होईल, आणि परीक्षेचा विषय राहील इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब, म्हणजे मागे 'अप', 'आउट' असं शेपूट लागलं की ज्यांचा अर्थच बदलतो ती क्रियापदं.

हे खूळ कुठून निघालं तेही सांगतो. मंडळाचे पंप परदेशातल्या एका कंपनीकडून येतात. त्या कंपनीने कळवलं की आम्ही हे पंप 'फेज आउट' करत आहोत. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी शब्दकोश काढला. 'फेज' म्हणजे टप्पा, 'आउट' म्हणजे बाहेर. पंप टप्प्याटप्प्याने बाहेर पडून आपल्याकडे निघाले आहेत, असा त्यांनी अर्थ लावला आणि उलटटपाली कंपनीचे मनःपूर्वक आभार मानले. आठ महिने आम्ही पंपांची वाट पाहिली. कंपनीने ते बनवणंच बंद केलं होतं. अर्ध्या शहराला दिवसाआड पाणी आलं, लोक घागरी घेऊन कचेरीत शिरले, आणि त्यांनीही मला आधी स्वच्छतागृहच विचारलं. त्या आभाराच्या पत्रावर जावक शिक्का माझाच आहे. पण पत्र वाचणं हे जावक कारकुनाचं काम नाही, हे मी चौकशीतही सांगितलं होतं.

नव्याने आलेल्या मोठ्या साहेबांनी मग तीनशे फ्रेझल व्हर्बची यादीच काढली. त्यातले तीस परीक्षेत येणार, पंधरा बरोबर आले की पास. अर्ज सहा आठवड्यांत मुख्य कचेरीत पोचला पाहिजे, आणि त्यावर विभागप्रमुखांची सही पाहिजे.

आता विभागप्रमुखांची जागा रिकामी होती म्हणून तर परीक्षा. आणि परीक्षेला बसायला सही पाहिजे विभागप्रमुखांची. मी हे मोठ्या साहेबांच्या निदर्शनास आणून दिलं. ते म्हणाले, "कार्यभार भांडारप्रमुखांकडे आहे ना? ते करतील." भांडारप्रमुख म्हणजे पाइप, मीटर, खुर्च्या आणि टेबलं सांभाळणारे गृहस्थ. ते दर मंगळवारी आमच्या मजल्यावर यायचे आणि मोजून पंचवीस कागदांवर सह्या करायचे. सव्विसावा कागद पुढे केला की मनगट धरून म्हणायचे, "आता पुढच्या मंगळवारी." आमच्याकडे दोन महिन्यांचे कागद साठलेले होते.

परिपत्रक आलं त्याच दिवशी मी अर्ज भरला, स्वतःच्या हाताने त्यावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि ट्रेमध्ये सगळ्यात खाली ठेवला. वर एकशेचाळीस कागद होते. मी हिशोब केला. सहा मंगळवार, पंचवीस गुणिले सहा, दीडशे सह्या. माझा कागद एकशेएक्केचाळिसावा. सहाव्या मंगळवारी सही, त्याच दुपारी अर्ज मुख्य कचेरीत, आणि संध्याकाळी पाचला मुदत संपणार. नऊ कागदांची सवड शिल्लक राहत होती. मला हे गणित इतकं आवडलं की घरी जाऊन बायकोला समजावून सांगितलं.

ती बटणं लावत होती. ती म्हणाली, "अहो, ट्रे तुमचा, कागद तुमचा. वर ठेवायला काय झालं?"

"कागद क्रमाने जातो," मी म्हटलं.

"तो झटपट काय करणार आहे?"

झटपट म्हणजे आमच्याच विभागातला, चौतिशीचा, यादीत माझ्यानंतरचा. काम मीच त्याला शिकवलं. शिक्का सरळ कसा मारायचा हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. मला 'काका' म्हणतो. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं आहे, कारण सगळं काम तो चालता चालता करतो. झटपटने काय केलं? भांडारप्रमुखांना जिन्यात गाठलं, अर्ज भिंतीला टेकवला, पेन पुढे केलं आणि सही घेऊन टाकली. त्या अर्जावर ना आवक शिक्का, ना क्रमांक. असला कागद मुख्य कचेरी तोंडावर फेकेल, असं मी चार लोकांत बोलून दाखवलं. मुख्य कचेरीने तो दुसऱ्याच दिवशी मंजूर केला.

असो. मी अभ्यासाला लागलो. माझी पद्धत कारकुनाची. दोनशे पानी वही आणली, रकाने पाडले: अनुक्रमांक, आल्याची तारीख, फ्रेझल व्हर्ब, अर्थ, शेरा. पहिल्या आठवड्यात वही फार देखणी दिसत होती. दुसऱ्या आठवड्यात 'पुट' आला. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे मला शाळेपासून माहीत. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट डाउन' म्हणजे चारचौघांत अपमान करणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे मुकाट्याने सहन करणे. एकाच घरातली ही माणसं, पण एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. 'टेक ऑफ'चे तर तीन अर्थ निघाले, विमानाचा, कपड्यांचा आणि नकलेचा. आमच्या कचेरीत एका क्रमांकावर तीन कागद येऊच शकत नाहीत. मी तिघांना अ, ब, क असे पोटक्रमांक दिले, आणि महिनाभरात वहीला एक वेगळी सूची जोडावी लागली. सूचीतलं काही सापडत नव्हतं म्हणून सूचीचीही सूची केली.

वैतागून मी मुलीला म्हटलं, "ही काय भाषा आहे का? शब्द एक, अर्थ छप्पन!"

ती नोकरीला निघाली होती. बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते आणि वेडही लागतं. तुम्ही कधी वही केली होती का?"

मी म्हटलं, "ते आपलं आपोआप येतं."

"मग वही बंद करा. येईल आपोआप," म्हणून ती गेली. आजकालच्या मुलांना कागदोपत्री कामाची गोडीच नाही.

या सुमाराला माझ्या अभ्यासाची बातमी इमारतीत फुटली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. तिसाव्या मिनिटाला शाळेची घंटा होत नसल्यामुळे हल्ली ते एकदा बसले की उठत नाहीत. ते वही चाळून म्हणाले, "तुमचं मूळच कच्चं आहे. असं बघा, क्रियापद म्हणजे नवरा. एकटा असताना सरळ असतो. त्याच्या मागे ते 'अप' नाहीतर 'डाउन' लागलं की ती झाली बायको. तिच्याप्रमाणे नवऱ्याचा अर्थ बदलतो."

आतून शिवणयंत्र थांबलं. "आणि नुसत्या नवऱ्याला अर्थ असतो का हो, सर?" बायकोने विचारलं.

मुख्याध्यापकांनी हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला. मग त्यांनी मला उपाय सांगितला. घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे येता-जाता डोळ्यांखालून शब्द जातो. मी दोन दिवस खपून एकसष्ट चिठ्ठ्या लिहिल्या. दिव्याच्या बटणावर 'टर्न ऑन', कपाटावर 'पुट अवे', साखरेच्या डब्यावर 'रन आउट'. बायको जिथे गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं माप बघते त्या पडद्यामागच्या खुंटीवर मी निर्मळ मनाने 'टेक ऑफ – कपडे काढणे' अशी चिठ्ठी लावली. दुपारी एक नवी गिऱ्हाईक बाई नवऱ्याला घेऊन आली. ती पडद्याआड गेली आणि माझं सुवाच्य अक्षर वाचून तशीच बाहेर आली. नवराही आत जाऊन वाचून आला. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. मी त्याला सांगू लागलो की याला विमानाचाही एक अर्थ आहे, पण ते दोघं कापड उचलून निघून गेले. संध्याकाळी माझ्या वहीवर एक नवी चिठ्ठी दिसली. बायकोने ती मुलीकडून लिहून घेतली होती. तिच्यावर होतं, 'गिव्ह अप – नाद सोडणे'.

मी ती काढली नाही. तीही यादीत होती, एकशेचौदावी.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते दोन वर्षं परदेशात शिकून आले आहेत, त्यामुळे इमारतीत इंग्रजीबाबत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मला मोफत शिकवणीचं कबूल केलं, पण जागा त्यांच्या खुर्चीतली. एक रुग्ण जातो आणि दुसरा येतो त्या मधल्या वेळात मी खुर्चीत आडवा व्हायचं आणि त्यांनी विचारायचं. आता माणूस खुर्चीत आला आणि त्याच्या तोंडात बघायचं नाही, हे त्या डॉक्टरांना जमत नाही. "आ करा. 'कॅरी आउट' म्हणजे?" मी आऽऽ करायचो. "बरोबर. 'ब्रेक डाउन'?" मी पुन्हा आऽऽ. "शाब्बास." असे मी त्यांच्याकडे ब्याण्णव फ्रेझल व्हर्ब शिकलो आणि माझ्या दोन दाढा भरल्या गेल्या. त्या दाढांबद्दल माझी काही तक्रार नव्हती, हे मी सांगू शकलो नाही.

पण एक कबूल करतो. चौथ्या आठवड्यानंतर मला ते यायला लागले. मुलगी म्हणाली होती तसंच झालं. वही न उघडता येऊ लागले. साहेबांसमोर उभा असताना मनात आपोआप 'लुक डाउन ऑन' यायचं. बसमध्ये कंडक्टर ओरडला की 'टेल ऑफ'. छपन्नाव्या वर्षी डोक्यात काही नवीन शिरतंय आणि टिकतंय, याचा मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला सांगितला नाही. मुलीने एका रविवारी तीनशेच्या तीनशे विचारले. माझे दोनशेसत्याण्णव बरोबर आले. तिने उठून मला चहा करून दिला. बायकोने शर्टांना पुन्हा इस्त्री केली.

इकडे मंगळवार ठरल्याप्रमाणे चालले होते. पहिल्या चार मंगळवारी शंभर कागद निघाले. माझ्यावर चाळीस राहिले. पाचव्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी भांडारप्रमुख गाल धरून माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं स्वच्छतागृह विचारतात. त्यांनी विचारलं, "उजवी दाढ जीव घेते आहे हो. कुणी चांगला डॉक्टर माहीत आहे का?"

मला काय अवदसा आठवली! मी आमच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. माझ्या दोन दाढा दाखवून शिफारससुद्धा केली. डॉक्टरांनी सोमवारी त्यांची दाढ काढली. मंगळवारी भांडारप्रमुखांचा गाल इतका सुजला की त्यांना घरून निघताच आलं नाही. पाचवा मंगळवार कोरडा गेला.

सहाव्या मंगळवारी ते आले. बोलत नव्हते, नुसते खुणा करत होते. सकाळी अकराला बसतो, अशी त्यांनी बोटांनी वेळ दाखवली आणि चहा गार करून घ्यायला खाली गेले. खोलीत मी एकटा होतो. मी आणि ट्रे.

कितीही वेळा मोजलं तरी उत्तर बदलत नव्हतं. आज वरचे पंचवीस निघणार. त्याच्याखाली पंधरा, आणि त्या पंधरांखाली मी. हात घालायचा, खालून एक कागद ओढायचा, वर ठेवायचा. लहान मुलाला जमेल असं काम. बघायला कुणी नव्हतं. नोंदवहीत क्रमांक तोच राहिला असता. आणि झटपटच्या अर्जावर तर क्रमांकही नव्हता.

मी हात पुढे केलासुद्धा. कागदाची कड बोटांना लागली. त्या वेळी मला एक बाई आठवल्या. तीन वर्षांपूर्वी नळजोडणीच्या अर्जासाठी त्या यायच्या. घरात आजारी सासू, पाणी दोन गल्ल्या पलीकडून आणायच्या. तीनदा आल्या. दर वेळी एवढंच म्हणाल्या, "साहेब, माझा कागद जरा वर ठेवा ना." मला साहेब म्हणणाऱ्या त्या एकट्याच. आणि मी तिन्ही वेळा सांगितलं होतं, "क्रमाने येईल, बाई." तिसऱ्या वेळी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याचा कागदही मी वर काढला नव्हता, पण त्याचं मला काही वाटत नाही. त्या बाईंचं वाटतं. आज स्वतःचा कागद वर काढायचा, तर त्या दिवशी त्यांचा का नाही काढला? मी हात मागे घेतला.

भांडारप्रमुख आले. पंचवीस सह्या केल्या, मनगट धरलं, गाल धरला आणि गेले. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. म्हटलं, "साहेब, आणखी सोळा." त्यांनी तोंड उघडून मला आतली जागा दाखवली.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. बायकोने हातातली कात्री खाली ठेवली.

"हात लांब करायचा होता फक्त," ती म्हणाली.

"क्रम असतो."

"सत्तावीस वर्षं तुमच्यावर कागद आहेतच. कधी कुणी वरून काढला का तुम्हाला?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मुख्याध्यापक खाली सांत्वनाला आले आणि तत्त्वनिष्ठा या विषयावर पाऊण तास बोलले. डॉक्टर म्हणाले, माणसाने दाढ दुखायच्या आधीच यावं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी हसले. "आवक विभाग तुमच्याकडे, आणि तुमचाच अर्ज अडकला?" मग गंभीर झाले. "मुदत म्हणजे मुदत. नियमाचं मी तुम्हाला काय सांगणार!" मी निघालो तेव्हा त्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "तुमची निष्ठा वाया जाऊ देणार नाही मी. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून तुम्हीच थांबा. विश्वासाचा माणूस पाहिजे."

तर परीक्षेला मी गेलो. नव्या शर्टांपैकी एक घालून गेलो. प्रश्नपत्रिकेचं पाकीट मी फोडलं, कागद मी वाटले, फळ्यावर वेळ मी लिहिली. सहा जण परीक्षेला बसले होते. एक प्रत उरली, ती घेऊन मी खुर्चीत बसलो आणि वाचली. तीसच्या तीस मला येत होते. आठ मिनिटं लागली. उरलेली बावन्न मिनिटं मी त्या सहा जणांकडे बघत काढली. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. मी उठून खिडक्या तेवढ्या बंद केल्या.

झटपट पेनाचं टोपण चावत होता. मी शेजारून जाताना तो मान खाली घालून कुजबुजला, "काका, एकोणीस."

एकोणिसावा होता 'पास ओव्हर'. बढतीच्या वेळी लायक माणसाला डावलून दुसऱ्याला पुढे नेणे. माझ्या वहीत दोनशेआठ नंबरला, पोटक्रमांक ब.

"काका, नुसतं हो-नाही सांगा. 'ओलांडून जाणे', बरोबर ना?"

"स्वतःच्या कागदाकडे बघ," मी म्हटलं.

त्याने 'ओलांडून जाणे' लिहिलं. तीसपैकी सोळा मिळवून तो पास झाला. बाकीचे पाच नापास झाले. पुढच्या सोमवारी झटपट माझ्या पाठीमागे बारा पावलांवर काचेच्या आत जाऊन बसला. जाताना मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काका, सगळं तुमच्याकडूनच शिकलो." ते खरं नव्हतं. माझ्याकडून शिकला असता तर अजून बाहेरच असता.

महिन्याभरात पंप कंपनीचं पत्र आलं, दोन पानी. दर ओळीत एक-दोन फ्रेझल व्हर्ब. मी आवक शिक्का मारला आणि पत्र आत पाठवलं. दहा मिनिटांनी काचेचं दार उघडून झटपट बाहेर आला. "काका, जरा बघता का?" मी उभ्या उभ्या वाचून अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी उत्तराचा मसुदा घेऊन आला. तोही मीच केला, सही त्याची झाली, आणि त्यावर जावक शिक्का पुन्हा माझा. मोठ्या साहेबांनी त्या पत्राचं कौतुक केलं. काचेतून मला ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

चौथ्या पत्राच्या वेळी तो माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. "काका, असं करू या. तुमचं टेबलच आत घेऊ, माझ्या शेजारी. तुम्ही पत्रं लिहायची, मी सह्या करीन. इथे दारात बसून लोकांना स्वच्छतागृह दाखवण्यापेक्षा बरं नाही का?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. काचेच्या आत, दाराला कडी, दोन वर्षं. मागितलं तेवढंच तर तो देत होता. दुसरा शर्ट घरी कपाटात तसाच टांगलेला होता. मला क्षणभर वाटलं, जावं. कुणाच्या खुर्चीशेजारी का होईना, जावं. मग त्याने उत्तरासाठी आणलेल्या कोऱ्या कागदाकडे माझं लक्ष गेलं. खाली सहीपुरती जागा त्याने आधीच सोडून ठेवली होती.

"टेबल हलवणं हे भांडार विभागाचं काम," मी म्हटलं. "लेखी द्या."

मी त्याला 'द्या' म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. "काका, लेखी कशाला? मी जिन्यात गाठून..."

"लेखी द्या, साहेब."

त्याने तिथेच चार ओळी लिहिल्या. मी शिक्का मारला, सरळ मारला, क्रमांक घातला, वहीत चढवला आणि कागद ट्रेमध्ये सगळ्यात खाली ठेवला.

"जरा वर ठेवा ना," तो म्हणाला.

"क्रमाने येईल."

खुर्च्याटेबलांच्या आणि मीटरच्या कागदांसाठी भांडारप्रमुख अजूनही मंगळवारी येतात आणि मोजून पंचवीस सह्या करतात. सध्या उन्हाळा आहे, नवे मीटर मागणाऱ्यांचे आधीचेच अर्ज ढिगाने पडले आहेत. झटपटच्या कागदावर आज दोनशेनऊ कागद आहेत. तो रोज काचेतून ट्रेकडे बघतो. मी कुणाचाच कागद वर काढत नाही, हे त्याला मीच शिकवलं आहे. बायको विचारते, "असं करून तुम्हाला काय मिळतं?" मी तिला सांगतो, काही नाही. खरंच काही मिळत नाही.

परवा भांडारप्रमुख गाल धरून माझ्या टेबलापाशी थांबले. आता डावी दाढ दुखते आहे. उजवीचा डॉक्टर अगदीच आडदांड निघाला, म्हणाले, दुसरा कुणी माहीत आहे का? मी म्हटलं, त्यांच्याच हाताला गुण आहे साहेब, फक्त सोमवारचीच वेळ घ्या, आणि पत्ता पुन्हा नीट लिहून दिला. पत्ता सांगणं हे माझं कामच आहे.